रिकाम्या रस्त्यांतील गर्दी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यातच गाठले आणि विचारले, "जुन्या बाजारांचे आणि दुकानांचे फोटो म्हणजे काय विषय झाला? फोटो बघायचा असतो. त्यावर तासभर बोलायचे ते काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तो आपल्यापैकीही काहींच्या मनात असेल. त्याला आमचे उत्तर एवढेच की, फोटो बघायचा असतो हे खरे. पण तो आपण बघतो कोठे? कोणी जुन्या मुंबईचे चित्र पुढे केले की आपण क्षणभर मान तिरपी करतो, "काय ते दिवस होते!" म्हणतो आणि पान उलटतो. आज आपण पान न उलटता जरा थांबू या, एवढीच विनंती आहे.

आम्ही मुंबईची उदाहरणे घेणार आहोत. एक तर हिंदुस्थानात फोटोग्राफीने ज्या शहरांत लवकर मूळ धरले त्यांत मुंबई आहे. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर होते. दुसरे असे की, आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी त्या शहरात पोट भरायला गेलेले आहे. तेव्हा तेथल्या रस्त्यांत आपलेही माणूस असण्याचा संभव आहे.

१८६० च्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्या वर्षांनी काढलेला मुंबईचा कोणताही फोटो डोळ्यांपुढे आणा. रुंद, स्वच्छ रस्ता. दोन्ही बाजूंना इमारती. कडेला एखादी घोडागाडी, एखादा माणूस ओट्यावर बसलेला. बाकी सगळे निवांत. हे चित्र पाहिले की आपल्या तोंडून सुस्कारा निघतो. "केवढी ही शांतता! केवढा हा मोकळेपणा! आणि आज पहा. मुंगीला शिरायला वाट नाही!" हा सुस्कारा आम्हीही पुष्कळदा टाकलेला आहे. पुढे आम्हांला कळले की, आम्ही एका खोट्या गोष्टीसाठी हळहळत होतो.

यासाठी जरा पॅरिसला जाऊन आले पाहिजे. १८३८ साली दागेर नावाच्या गृहस्थाने आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतले. रस्ता पॅरिसमधल्या गजबजलेल्या रस्त्यांपैकी होता. गाड्या आणि पादचारी यांची तेथे अखंड वर्दळ असे. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून उभा आहे आणि दुसरा कोणी त्याचे बूट पुसतो आहे. माणूस दिसणारा जगातला सर्वांत जुना ज्ञात फोटो म्हणून हे चित्र प्रसिद्ध आहे. मग बाकीची माणसे गेली कोठे? ती कोठेही गेली नव्हती. त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. जो चालत होता तो एका जागी पुरेसा वेळ नव्हताच. म्हणून पत्र्याने त्याची नोंद घेतली नाही. जो बूट पुसून घेण्यापुरता थांबला तो इतिहासात राहिला. त्याचे नाव मात्र कोणाला माहीत नाही.

आता मुंबईला परत येऊ. १८५१ नंतर काचेवर ओले रसायन पसरून फोटो घेण्याची रीत आली. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि तशीच धुवायची. आपल्या उकाड्यात रसायन भराभर सुकणार. म्हणून फोटोग्राफरला अंधारा तंबू आणि बाटल्यांची पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन हिंडावे लागे. मिनिटांचे आता सेकंद झाले होते, पण रस्त्यातून झपाझप जाणारा माणूस काही सेकंदांतही दहा पावले पुढे जातो. त्याचा धूर होतो. अशा फोटोंत जमिनीलगत धुक्यासारखे फिकट पट्टे दिसतात. भिंग घेऊन पाहिले तर त्यांत कधी अर्धी पगडी, कधी चाकाचा एखादा आरा सापडतो. तो पट्टा म्हणजेच गर्दी!

याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा खानेसुमारीचा आहे. १८६४ साली मुंबईची माणसे मोजली, तेव्हा ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि गावोगावचे लोक मुंबईकडे लोटले होते, तो हा काळ. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, आणि १८७२ च्या गणतीत आकडा ६,४४,४०५ वर आला. पुढे तो पुन्हा चढला आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४ झाला. म्हणजे १८६४ ची मुंबई आणि १८९१ ची मुंबई यांत माणसांचा फरक जवळजवळ नाही. आता फोटो पहा. साठीच्या दशकातले रस्ते रिकामे आहेत, आणि नव्वदीच्या दशकातले काळबादेवीचे नि भेंडीबाजाराचे रस्ते माणसांनी फुललेले आहेत. मधल्या काळात बदलले ते काय? मुख्यतः काच बदलली. १८८० च्या आसपास तयार, सुक्या काचा बाजारात आल्या. त्यांच्यावर सेकंदाच्या एका अंशात चित्र उमटू लागले. शहरात गर्दी आधीपासूनच होती. ती दिसण्याइतका कॅमेरा चपळ झाला, एवढेच.

फोटोग्राफर मंडळी सकाळच्या शांत वेळी काम करीत आणि गिऱ्हाइकांना आवडतील अशा नव्या टोलेजंग इमारतींपुढे कॅमेरा लावीत, हेही खरे. पण त्यानेही निष्कर्ष तोच निघतो. रिकामा रस्ता हे त्या शहराचे चित्र नव्हे. ते त्या काचेचे आणि त्या गिऱ्हाइकाचे चित्र आहे.

हा मुद्दा आम्ही एवढा लांबवला याला कारण आहे. "पूर्वी शहर मोकळे होते आणि मग कोठून तरी माणसे आली" ही समजूत निरुपद्रवी नाही. एकदा ती मनात बसली की, रस्त्यावरचा हमाल, पाटीवाली, फेरीवाला हे सगळे आपल्याला मागाहून घुसलेले उपरे वाटू लागतात. वस्तुतः ते पहिल्यापासून तेथेच होते. ओझे घेऊन चालत होते, म्हणून उमटले नाहीत. ज्याला काम होते तो पुसला गेला, आणि ज्याला ओट्यावर बसण्याची फुरसत होती तो ठसठशीत उमटला!

मग फोटो खोटे बोलतो काय? बोलतो, पण बहुधा बोलवणारा दुसराच असतो. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांत माणसे मुंबईच्या प्रसिद्ध स्थळांपुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले आणि मागाहून ते स्थळांच्या चित्रांवर जोडले! गंमत अशी की, ज्या १८६३ साली पहिला खंड निघाला, त्याच साली आपल्या गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक निघाले. त्यात एकही फोटो नाही. पण बाजार, रस्ते, धंदे आणि माणसे शब्दाशब्दाला गर्दी करून उभी आहेत. ज्याला जुन्या मुंबईचे फोटो वाचायचे आहेत त्याने माडगांवकर उशाशी ठेवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगू. काचेवर जे उमटले नाही ते त्यांच्या शाईत सापडते.

आता दुकानांकडे वळू. दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो वाचण्याची रीत अगदी सोपी आहे. प्रथम दाराकडे पाहावे. जुन्या दुकानाला आडव्या-उभ्या फळ्यांची दारे असत. सकाळी एकेक फळी काढून बाजूला रचायची आणि रात्री पुन्हा लावायची. पुढे ओटा. ओट्यावर गादी आणि तक्क्या असेल तर तेथे पेढीचा व्यवहार चालतो. उघड्या टोपल्या आणि तराजू असेल तर किरकोळ विक्री. गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभे आहे की वर येऊन बसले आहे हे पाहावे. त्यावरून दोघांतला संबंध कळतो. काचेची तावदाने आली की समजावे, माल दाखवून मोह पाडण्याचा नवा काळ सुरू झाला. आधी गिऱ्हाईक मागेल ते दुकानदार आतून काढून देई. काच आल्यावर गिऱ्हाईक न मागितलेल्या वस्तूही पाहू लागले. आपल्या घरातल्या अर्ध्या भांडणांचे मूळ त्या तावदानात आहे! (हशा)

मग पाटी पाहावी. ती कोणत्या लिपीत आहे, कोणती लिपी वर आणि मोठी आहे, कोणती खाली आणि बारीक आहे, याकडे लक्ष द्यावे. पाटी दुकानदाराच्या मातृभाषेत असतेच असे नाही. ज्याचा पैसा हवा असतो त्याच्या भाषेत ती असते. आणि पाटीच नसेल तर तेही बोलके आहे. ज्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात तेथे पाटीची गरज काय?

फोटोवर साल नसेल तर ते काढण्याचीही युक्ती आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. म्हणून रस्त्यात रूळ दिसले तर फोटो त्यानंतरचा. त्या ट्रामच्या घोड्यांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून टोप्या घालीत. तशी टोपी घातलेला घोडा दिसला तर साल शोधायला सोपे जाते. रस्त्यावर विजेच्या ट्रामची तार दिसली तर ७ मे १९०७ नंतरचा. मोटारबस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचा, आणि दुमजली बस दिसली तर १९३७ किंवा त्यापुढचा. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. तेव्हा धावती ट्राम दिसली तर त्याच्या आधीचा. मागे राजाबाई टॉवर पुरा उभा असेल तर १८७८ च्या अलीकडचा. असे दोन्हीकडून फास आवळीत आणले की पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांपर्यंत नेम बसतो. सावलीवरून वेळही कळते. घरातल्या मुलांना सुट्टीत हा खेळ लावून द्यावा. पत्त्यांपेक्षा वाईट नाही.

पण एक गोष्ट अशा युक्तीने निघत नाही, आणि ती म्हणजे नाव. पोस्टकार्डांवर छापलेल्या जुन्या चित्रांपैकी कित्येकांखाली नुसते 'नेटिव्ह टाऊनमधला रस्ता' एवढेच लिहिलेले असते. ज्याने ते छापले त्याला गल्लीचे नाव नको होते. विलायतेला धाडण्यापुरते नवल हवे होते. पुष्कळ कार्डे परदेशी छापखान्यांत रंगवली जात, आणि रंग भरणाऱ्या कारागिराने मुंबई जन्मात पाहिलेली नसे. त्याला जो रंग सुचला तो पगडीला मिळाला. त्या कार्डावरून कोणी पगड्यांच्या रंगाचा प्रबंध लिहू नये, म्हणून सांगितले.

दुकाने आणि घरे यांचे काही फोटो मात्र असे आहेत की, ते पाहताना थट्टा सुचत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षीच्या सरकारी उपायांचे फोटो घेऊन त्यांचे संग्रह करण्यात आले. त्यांत घरांच्या भिंतींवर रंगाने काढलेली वर्तुळे दिसतात. प्लेगची एकेक घटना म्हणजे एकेक वर्तुळ. काही दारांशेजारी अशी वर्तुळे ओळीने आहेत. ज्या सरकारी डोळ्याने ते फोटो घेतले त्याला व्यवस्था दाखवायची होती. आपल्याला आज त्यांत घरे दिसतात. जो फोटो घेतो त्याचा हेतू आणि जो पाहतो त्याची दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच जुना फोटो फेकू नये. आज निरुपयोगी वाटणारी वस्तू उद्या कोणती साक्ष देईल ते सांगता येत नाही.

त्या प्लेगमधूनच १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. हवा आली, उजेड आला. ते आवश्यकच होते. पण ज्या गल्ल्या गेल्या त्या गेल्याच. पॅरिसमध्येही असेच झाले होते. मात्र तेथे मार्व्हील नावाच्या फोटोग्राफरला नेमून, पाडल्या जाणाऱ्या रस्त्यांचे चारशेहून अधिक फोटो घेऊन ठेवले गेले. पुढे आत्जे नावाचा एक गरीब फोटोग्राफर जड कॅमेरा खांद्यावर टाकून तीस वर्षे त्याच शहरात फिरला. दुकानांच्या पाट्या, टोपल्यांच्या राशी, चिंध्या गोळा करणारे, दारातली भांडी यांचे फोटो घेऊन ते तो चित्रकारांना नि ग्रंथालयांना विकी. त्याच्या घराबाहेर कलेची मोठी पाटी नव्हती. कलावंतांना लागणारी टिपणे मिळतील, एवढीच होती. १९२० साली त्याने अडीच हजारांहून अधिक काचा फ्रान्स सरकारला विकल्या. १९२७ मध्ये तो वारला, तेव्हा उरलेल्या काचा बेरनिस ॲबट या तरुण अमेरिकन बाईंनी खटपट करून वाचवल्या आणि चाळीस वर्षे सांभाळल्या. १९६८ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेल्या. त्या बाईंनी पदरमोड केली नसती तर पुष्कळ पॅरिस कचऱ्यात गेले असते.

आपल्याकडे काय वाचले? राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या घराण्याकडच्या अडीच हजारांवर काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. हे भाग्य. उलट, कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या जुन्या पेढीचा संग्रह १९९१ साली आगीत गेला, आणि २०१६ मध्ये ती पेढीही बंद झाली. पण आगीपेक्षा आम्हांला अधिक भीती वाटते ती घरातल्या आवराआवरीची.

आमच्याच पाहण्यातली गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या गावी फोटोचे जुने दुकान होते. मालक वारले, मुले शहरात गेली. आम्ही जाऊन पोचलो तेव्हा नव्या भाडेकऱ्याने काचांच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या. गरम पाण्यात भिजवून त्यांवरचा लेप खरवडला होता, आणि त्या लख्ख काचा देवादिकांच्या तसबिरींना बसवून विकल्या होत्या. माणूस लबाड नव्हता. त्याला काच दिसली. आपल्या गावातले लोक दिसले नाहीत. त्यावर रागावण्याचा आम्हांला अधिकार नव्हता, कारण आम्हीही दोन वर्षे "जाऊ, जाऊ" म्हणत उशीर केला होता.

त्याच बाजारात एका किराणा दुकानात मात्र एक फोटो भिंतीवर होता. दुकानाच्या उद्घाटनाचा असावा. ओट्यावर पाच जण बसलेले, आणि खाली पायरीशी एक हमाल पोत्याला टेकून उभा. आम्ही विचारले, "हे कोण?" दुकानदार वृद्ध होते. त्यांनी बोट ठेवून सांगितले, "हे आमचे आजोबा, हे चुलत आजोबा, हे मुनीम..." पाचही नावे सांगितली. "आणि हा?" ते थबकले. म्हणाले, "हा आमच्याकडे जन्मभर होता. आजोबा गेले तेव्हा खांदा दिला त्याने. वडील त्याला हाक मारायचे... नाव आत्ता ओठांवर आहे बघा." पाच मिनिटे ते आठवत बसले. नाव आले नाही. निरोप घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आणि ते आजोबांसाठी नव्हते.

श्रोतेहो, त्या पॅरिसच्या रस्त्यात बूट पुसून घेणारा आणि या पायरीवरचा हमाल यांच्यात अंतर किती? पहिल्याचे नाव आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. दुसऱ्याचे नाव वीस वर्षांपूर्वी कोणी फोटोच्या मागे लिहिले असते तर राहिले असते. त्याला खर्च शिसपेन्सिलीचा.

म्हणून आजच्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही चार साधी कामे मागणार आहोत. घरी गेल्यावर, आज नाही तर या आठवड्यात, ट्रंकेतले फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारा. मालकाचे विचाराल तसे नोकराचेही विचारा. ते नाव मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पाझरते आणि बॉलपेनने पुढे वळ उठतो. काचा किंवा फिल्म सापडल्या तर त्या पुसू नका, धुऊ नका. कागदात गुंडाळून कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. दागेरच्या त्या चित्राचा मूळ पत्रासुद्धा पुढे साफ करण्याच्या प्रयत्नात बिघडला; आधी काढून ठेवलेल्या प्रतीमुळे ते चित्र आज आपल्याला दिसते. म्हणून चौथे काम, प्रत काढून ती गावच्या वाचनालयात द्या.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. दिवसाला शंभर फोटो निघतात. मग काळजी कसली? आम्ही आपल्याला विचारतो, त्या शंभरांत आपल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे दुकान आहे काय? पिठाची गिरणी आहे काय? रोज ज्याच्याकडून भाजी घेता तो आहे काय? आपण आपले तोंड काढतो, ताटातला पदार्थ काढतो. दुकान मागे अर्धवट आले तर कापून टाकतो. काच मंद होती म्हणून त्या काळी चालणारी माणसे पुसली गेली. आज कॅमेरा चपळ आहे, आणि पुसण्याचे काम आपण बोटाने करतो.

उद्या सकाळी दूध आणायला जाल तेव्हा जाता-येता बाजारपेठेकडे एकदा नीट पाहा. जी पाटी या दिवाळीपर्यंत उतरणार आहे असे वाटते, तिचा एक फोटो घ्या. दुकानदाराला विचारून घ्या, त्याच्या गड्यालाही पुढे बोलवा, आणि दोघांची नावे लिहून ठेवा. आपल्या नातवंडांना तो पाहताना सुस्कारा टाकावासा वाटला तर खुशाल टाकू द्या. तो निदान खऱ्या गोष्टीसाठी असेल.